ढगाचा वास

बुधवारी सकाळी पावणेअकराला देवमन तायडे प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरला आणि उंबरठ्यावरच थबकला. शनिवारच्या प्रॅक्टिकलचा एक चिरलेला उंदीर कोणीतरी टेबलाखालच्या बादलीत तसाच सोडून गेलं होतं. डिसेंबरची थंडी म्हणून खिडक्या बंद होत्या, आणि चार दिवसांत त्या एवढ्याशा जिवाने सगळी खोली काठोकाठ भरून टाकली होती. देवमनचा हात आपोआप रुमालाकडे गेला. बादलीपासून हातभर अंतरावर, स्टुलावर एक पाय वर घेऊन, त्याचे वडील डोमाजी डबा खात बसले होते. ज्वारीची भाकर, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. जेवताना त्यांचा चेहरा नेहमी व्हायचा तसाच झाला होता, जगाशी काही भांडण न उरलेल्या माणसाचा.

"काहून रे, नाक काहून धरून राहिला?" त्यांनी विचारलं. डोमाजींनी आधी त्याच्या रुमालाकडे पाहिलं, मग त्याची नजर जिकडे गेली होती तिकडे, टेबलाखाली. हातातला घास त्यांनी हळूच डब्यात परत ठेवला.

"कवाचा हाय?"

"शनिवारचा असन."

"लय येते का?"

"लय."

डोमाजी उठले. बादली बाहेर नेली, कडुनिंबाखाली खड्डा करून काम उरकलं, साबणाने हात धुतले, परत येऊन चारही खिडक्या उघडल्या. मग डब्याचं झाकण लावता लावता, देवमनकडे न पाहता म्हणाले, "भगवंतराव सायबाले बोलू नको."

"कवापासून, बाबा?"

"सात वर्सं झाले."

घंटा झाली आणि देवमन आपल्या वर्गाकडे गेला. तो याच कॉलेजात पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर होता. त्या दिवशी मुलं दोलकाचा काल मोजत होती. तो टेबलाटेबलावरून फिरत होता, आणि त्याच्या डोक्यात एकच आकडा हेलकावे खात होता. सात वर्षं. म्हणजे तो बी.एस्सी.ला होता तेव्हापासून. म्हणजे नागपूरहून एम.एस्सी.चा निकाल घेऊन आला, आईने शेवयांची खीर केली, वेलदोड्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, तेव्हा बाबा नुसतं पांढरं, गोड, गरम काहीतरी खात होते. आणि वर म्हणाले होते, खीर फक्कड झाली. "सर, वीस झाले," एक मुलगा म्हणाला. "पुन्हा मोज," देवमन म्हणाला, मुलाचं काही चुकलं नसताना.

वास हा डोमाजींचा जणू दुसरा सदरा होता. तीस वर्षं ते प्राणिशास्त्राच्या कपाटांतल्या बरण्या सांभाळत होते. साप, बेडूक, वटवाघूळ, दोन डोक्यांचं वासरू, सगळे फॉर्मालीनमध्ये बुडून शांत बसलेले, आणि डोमाजी त्यांच्यामधून फडकं घेऊन फिरणारे. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा आधी तो तिखट, नाकात सुई घालणारा वास यायचा आणि मागून ते. शाळेत मुलं नाक दाबून ओरडायची, बेडकाचा पोरगा आला. देवमनच्या बाकावर कोणी बसत नसे. ते वासामुळे, की ज्या कारणाने त्याच्या चुलतभावाच्या बाकावरही कोणी बसत नसे त्या कारणाने, हे त्याने कधी ठरवलं नाही. पुढे गणित शिकल्यावर त्याला याचं समाधान सापडलं. दोन अज्ञात आणि समीकरण एकच, असलं उदाहरण सुटत नसतं, त्यावर डोकं घालू नये. पण छप्पन सालच्या ऑक्टोबरात, नागपूरला, तो बारा वर्षांचा असताना, त्याच वासाने त्याला वाचवलं होतं. लाखो माणसं आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत. पाणी प्यायला म्हणून त्याने बाबांचं बोट सोडलं आणि वळून पाहतो तर जिकडेतिकडे बाबाच बाबा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, तशीच पाठ. तो रडला नाही. डोळ्यांचा उपयोग नाही हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून त्याने डोळे मिटले. धूळ, घाम, फुटाणे, ओली माती, उदबत्ती, आणि या सगळ्यांच्या आतून, सुतासारखा बारीक, तो वास. त्या सुताला धरून तो माणसांच्या पायांमधून चालत गेला आणि एका धोतराला जाऊन भिडला. धोतर त्या दिवसासाठी तीनदा धुतलं होतं, तरीही. "कुठं गेल्ता बे?" बाबा म्हणाले होते. ते त्याला शोधत नव्हते. तो हरवला होता हे त्यांना माहीतच नव्हतं.

घरी आल्यावर त्याने आईला बाजूला घेतलं. पंचफुला चुलीपुढे तुरीच्या शेंगा उकडत होती. "माय, बाबाले वास येत नाही, तुले ठाव आहे?" ती हसायलाच लागली. "तुले आज कळलं का? एवढा शिकून?" तिने शेंगांवर मीठ टाकलं. "दोन-चार वर्सांमागं वरण करपलं. घरभर धूर. हे आले, बसले, गुमान खाल्लं, वर म्हनते कसे, आणिक वाढ. मले वाटलं, म्हातारपणी मानूस गुणाचा झाला. मंग दुसऱ्या वक्ताले मुद्दाम करपवलं. तवा समजलं." "मग बोलली काहून नाही?" "कायले बोलू? माह्यं करपलेलं कोणी हासत खाते, थे बंद करू का?" देवमनला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. कारण शुक्रवार दोन दिवसांवर होता.

शुक्रवारी अकोल्याला त्याचं व्याख्यान होतं. पहिलंच, बाहेरगावचं, छापील निमंत्रण असलेलं. पावसाळ्यात कॉलेजच्या वाचनालयात एक परदेशी अंक आला होता आणि त्यात एक बातमी होती. ती वाचून देवमन वाचनालय बंद होईपर्यंत जागचा हलला नव्हता. आकाशात तारे दाट असतात त्या पट्ट्यात मधेच काळे डाग दिसतात. लोक पूर्वी त्यांना भोकं समजत. ती भोकं नव्हेत, धुळीचे ढग आहेत, थंडगार. आणि त्या ढगांत, रेडिओच्या दुर्बिणीतून ऐकलं तेव्हा, फॉर्मल्डिहाइड सापडलं होतं. देवमनने ते नाव तीनदा वाचलं. पाण्यात विरघळवलं की त्याचंच फॉर्मालीन होतं. त्याच्या बापाच्या धोतराचा वास. तो तिथे होता, प्रकाशालाही यायला शेकडो वर्षं लागावीत इतक्या लांब, काळोखात, कोणी बरणी उघडलेली नसताना.

तेव्हापासून त्याने दुसरं काही मनावर घेतलं नव्हतं. फॉर्मल्डिहाइडमध्ये कार्बन एकच. पण एक आहे तिथे दोन का नसावेत, दोन आहेत तिथे तीन का नसावेत, एकामागे एक, हात धरून उभे राहिल्यासारखे? साखळी असेल तर ती गरगर फिरणार, आणि फिरताना तिची अशी एक ठरलेली लहर असणार. तीन कार्बन सरळ रेषेत, एका टोकाला हायड्रोजन, दुसऱ्याला नायट्रोजन, अशा रेणूची मोजणी प्रयोगशाळेत कोणीतरी पन्नास सालीच करून ठेवली होती. देवमनने तो आकडा उतरवून घेतला, कागदावर दुप्पट केला, लहरीची लांबी काढली, पडताळली, पुन्हा पडताळली. तीन सेंटिमीटरच्या थोडी वर. घरी आईला सांगताना त्याने बोटांनीच सांगितलं. सापडलेल्या फॉर्मल्डिहाइडची लहर तीन बोटं, न सापडलेल्या साखळीची दोन बोटांहून थोडी कमी. ढगात ती साखळी अजून कोणाला मिळालेली नव्हती. मिळेल असं म्हणायला त्याच्याकडे पुरावा नव्हता. फक्त कुठे कान लावायचा एवढं त्याला माहीत होतं, आणि एवढंच अकोल्याला सांगायचं होतं.

बाटलीची कल्पना भगवंतरावांची. ते प्राणिशास्त्राचे प्रमुख आणि अकोल्याच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष. "नुसत्या आकड्यांनी लोक झोपतात हो तायडे. ढगाचा वास द्या त्यांना. फॉर्मालीनची एक बाटली न्या, पहिल्या रांगेतून फिरवा. मात्र डोमाजीच्या हातूनच जाईल. माझं फॉर्मालीन मी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही." भगवंतरावांचा नियम सगळ्या कॉलेजला पाठ होता. दर सोमवारी प्रत्येक बरणी उघडून हुंगायची, वास फिका पडला असेल तिथे फॉर्मालीन बदलायचं. नत्थुजी नावाचा एक शिपाई पूर्वी खात्यात होता. त्याला बारमाही सर्दी. एका पावसाळ्यात एक कासव नासलं आणि भगवंतरावांनी नत्थुजीला फाटकावर पाठवलं. नाक नसलेला माणूस माझ्या खात्यात चालायचा नाही, हे त्यांचं वाक्य. नत्थुजी अजून फाटकावरच होता, घंटा आणि काठी घेऊन. डोमाजींना निवृत्तीला तीन वर्षं होती. दोन डोक्यांच्या वासराला ते रोज सकाळी, कसं काय, म्हणून विचारायचे. त्यांना फाटकावरच्या स्टुलावर बसवलेलं देवमनला डोळ्यांपुढे आणता येईना. उपकरण बिघडलं तर आधी नोंदवा, हे तो मुलांना दर आठवड्याला सांगत होता. आणि शुक्रवारी तो भर सभेत, भगवंतरावांच्या समोर, वासाबद्दल बोलणार होता, आणि बाटली घेऊन उभं राहणार होतं वास न येणारं नाक.

शुक्रवारी सकाळी सातच्या एस.टी.ने बापलेक निघाले. डोमाजींनी भिजवलेल्या फडक्यात बाटली गुंडाळून मांडीवर धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. देवमनच्या हातात रेणू होते. पऱ्हाटीच्या काड्यांना बोरं टोचून त्याने ते काल संध्याकाळी केले होते. एक फॉर्मल्डिहाइड आणि एक साखळी, पाच बोरांची. बडनेरा मागे पडलं. दोन्हीकडे पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीचा कापूस अडकून राहिला होता आणि मधूनमधून तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. समोरच्या बाकावरच्या बाईने संत्रं सोललं. सालीचा फवारा उडाला आणि सगळी गाडी जागी झाली. पेंगणारा कंडक्टरसुद्धा मान वळवून पाहू लागला. देवमनने चोरून बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं. ते खिडकीबाहेर पाहत होते. कोणत्या मावळतीला, कोणत्या दिवशी हा दिवा विझला असेल, आणि त्यांना तो त्याच दिवशी कळला असेल का, देवमन विचार करू लागला. की तेही त्या गर्दीतल्यासारखं, हरवलं ते कोणाला माहीतच नाही?

"मले संत्रं आन् मोसंबी एकच झालं आता," डोमाजी एकदम म्हणाले. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. "तू मनात कुढून राहिला ना दोन दिवसांपासून? बरण्यांचं कसं म्हून?"

"हो."

"डोळे हाय ना." त्यांनी बाटलीवर हात थोपटला. "झाकण काढाचं, बरणीवर डोळे धराचे, धा मोजाचे. पाणी आलं तं माल चांगला. नाही आलं तं बदलाचा. नाकाले तं सवय लागते, लेका. डोळ्याले नाही लागत. मी नाकवाल्यापेक्षा पक्का हाय."

देवमन त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं होतं की सात वर्षं हा माणूस अंदाजाने चालवतोय. पण इथे पद्धत होती, मोजणी होती, कसोटी होती. एका वाटेने कळेनासं झालं म्हणून दुसरी वाट शोधली होती. दुर्बिणीवाल्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? काळ्या ढगात डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून त्यांनी कान लावला. आणि तिथेही फॉर्मल्डिहाइड बोलत नव्हतंच. साऱ्या आकाशाच्या मागे एक अगदी मंद ऊब पसरलेली आहे, तिच्यातली नेमकी तीन बोटांची लहर ते गिळून टाकत होतं. जे कमी पडलं त्यावरून ते ओळखलं गेलं. त्याला हे बाबांना सांगावंसं वाटलं. तो वळला तर डोमाजी काहीतरी चघळत होते.

"बाबा, तो कार्बन होता."

"आंबट होता," डोमाजी म्हणाले आणि बी खिडकीबाहेर टाकली.

मूर्तिजापूरच्या स्टँडवर देवमनने खाली उतरून दुसरं बोर घेतलं आणि साखळी पुरी केली. त्याचं मन कारण नसताना हलकं झालं होतं. मात्र भगवंतरावांना हे कधी सांगायचं, सांगायचं की नाही, तो प्रश्न तिथेच होता, सीटखालच्या सामानासारखा, पायाला लागत.

अकोल्याच्या कॉलेजच्या फाटकावरच ललिता भेटली. ती तिथल्या रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर, आणि कार्यक्रमाची सगळी धावपळ तिच्याच गळ्यात होती. वेणी पुढे टाकून, हातात खडू आणि सुतळी घेऊन ती बोलत बोलत पुढे चालली. अध्यक्ष जठारपेठेत मेहुण्यांकडे उतरलेत, येतीलच. बाटली आमच्या प्रयोगशाळेत ठेवा, शेजारीच आहे. गुलाबपाण्याची बाटलीही तिथेच आहे, तसलीच, गुलाबदाणीत दोन घोट मावत नाहीत, सारखी भरावी लागते. डोमाजींनी टेबलावर फडकं सोडलं. ओल्या फडक्यात बाटलीची चिठ्ठी विरघळून निघाली होती. "चालते," ते म्हणाले, "मी ओळखतो." मग सगळे हॉलमध्ये आले. फळ्याच्या वरच्या अंगाला ललिताने सुबक अक्षरात लिहिलं होतं: व्याख्याते, श्री. देवमन डोमाजी तायडे, एम.एस्सी.

डोमाजी फळ्यापुढे उभे राहिले. वाचायला ते चाळिशीत शिकले होते, रात्रीच्या वर्गाला जाऊन, आणि अजून ओठ हलवल्याशिवाय त्यांना वाचता येत नसे. दे. व. म. न. ओठ पुढे सरकले आणि मधल्या शब्दावर थांबले. पुन्हा पहिल्यापासून आले, पुन्हा तिथेच थांबले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. गाडीतली धूळ गेली असेल, असं देवमनला वाटलं. तेवढ्यात ललिताने त्याला बोलावलं. बोरांचे रेणू कुठे टांगायचे ते विचारायला.

अडीचशे माणसं आली होती. कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे खुशालराव पहिल्या रांगेत, पांढरा फेटा, पायांशी काठी, शेजारी त्यांच्याच वयाचे चार शेतकरी. भगवंतराव मंचावर. देवमनने सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला त्याचा आवाज त्याला सापडला. काळे डाग म्हणजे भोकं नव्हेत, हे सांगताना तो खुशालरावांकडे पाहून म्हणाला, जमीन काळी दिसते म्हणून ती रिकामी आहे असं आपल्याकडे कोणी म्हणत नाही. फेटा हलला. तीन बोटांची लहर त्याने हात वर करून दाखवली, आणि मागच्या बाकापर्यंत सगळ्यांनी आपापली तीन बोटं वर करून पाहिली. मग तो म्हणाला, "आता डोमाजी आपल्यासमोर त्या ढगाचा वास आणतील. दुरूनच घ्या, तिखट आहे."

डोमाजी शेजारच्या खोलीतून बाटली घेऊन आले. इस्त्रीचा सदरा, ताठ मान. त्यांनी बूच काढलं आणि बाटली खुशालरावांपुढे धरली. खुशालरावांनी सावधपणे मान मागे घेऊन एक श्वास घेतला. मग मान पुढे करून दुसरा. मग डोळे मिटून तिसरा.

"वा!" ते म्हणाले. "गुलाब!"

शेजारच्याने बाटलीत नाकच घातलं. "गुलाबच हाय बाप्पा! काय सर, थे सोरग म्हनते थो हाच का?" सगळा हॉल हसू लागला. दाराशी ललिताने कपाळावर हात मारला. आमची बाटली, असं तिचे ओठ म्हणाले. देवमनच्या डोक्यात मात्र त्या क्षणी एक वेडगळ विचार येऊन गेला. गुलाबाच्या वासाच्या रेणूत कार्बन आठ असतात, आठांची लहर किती बोटं येईल? मग त्याला बाबा दिसले. ते बाटली धरून उभे होते आणि लोक हसताहेत म्हणून तेही हसत होते. कशाला हसताहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या सगळ्या हॉलमध्ये ठाऊक नसलेला माणूस तेवढाच एक.

"डोमाजी," मंचावरून भगवंतराव म्हणाले, "तू आणताना हुंगून नाही पाहिलीस?"

हसणं विरत गेलं. देवमनने खडू खाली ठेवला. "सर, चूक माझी आहे. बाटली मीच घाईत—"

"फळ्यापाशी उभं राहून खोटं नको बोलू," डोमाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण घरात ते याच आवाजात बोलायचे आणि घर गप्प व्हायचं. ते मंचाकडे वळले. "सायेब, मले वास येत नाही. सात वर्सं झाले. पोराचं बोलणं खरं हाय, बाटली खोटी हाय. त्याच्यावर नका जाऊ."

देवमनने भगवंतरावांकडे पाहिलं. ते चष्मा काढून हातात धरून बसले होते.

"सात वर्षं," ते म्हणाले. "आणि बरण्या?"

"डोळ्यानं करतो, सायेब. झाकण काढाचं, डोळे धराचे, धा मोजाचे. पाणी आलं तं चांगला."

"एकही नासली नाही," भगवंतराव स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. त्यांची नजर हॉलच्या पलीकडे कुठेतरी कपाटं मोजत होती. "सात वर्षांत एकही नाही. नत्थुजीच्या नाकावर दोन वर्षांत तीन गेल्या."

"पाहू द्या ना मंग आमाले बी!" खुशालरावांनी काठी आपटली. "घ्या परीक्षा!"

ललिता आत धावली आणि ट्रेमध्ये तीन बाटल्या घेऊन आली. एकीत पाणी, एकीत गुलाबपाणी, एकीत फॉर्मालीन, तिन्ही सारख्या. डोमाजींनी पहिली उघडली, डोळ्यांपाशी धरली, दहा मोजले. डोळ्यांतून पाणी ओघळलं. "हेच," ते म्हणाले.

"ते पाणी आहे, काका," ललिता हळूच म्हणाली.

डोमाजींनी बाटलीकडे पाहिलं, बाहीने डोळे पुसले, बोटाला लागलेला ओलावा निरखला, आणि एकदम त्यांना उमगलं. ते हसले. "थांबा जरा. डोळे आधीपासूनच ओले हाय. म्हून तं थे मंगाशीबी चुकलं. सुकू द्या."

"आधीपासून कायले ओले?" खुशालराव म्हणाले.

डोमाजींनी हनुवटीने फळ्याकडे खूण केली. "थे लिवलं हाय ना वर. मधात."

देवमनने वळून पाहिलं. देवमन आणि तायडे यांच्या मध्ये, ललिताच्या सुबक अक्षरात. इतकी वर्षं दाखल्यांवर, हजेरीपटांवर, प्रमाणपत्रांवर तो शब्द तिथे होता, आणि त्याची नजर कधीच न थांबता त्याच्यावरून निघून जात होती, हे त्याला कळलंही नव्हतं. बाबांच्या डोळ्यांचं उपकरण बिघडलेलं नव्हतं. ते आधीच भरलेलं होतं. मागे एवढं काही पसरलेलं असेल तर पुढची बारीक खूण उमटणार कशी? हे त्याने तीनदा तपासलेल्या टिपणांत लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर, दुर्बिणीबद्दल.

"बसा, डोमाजी," भगवंतराव म्हणाले. त्यांनी मंचावरची आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली. "सावकाश सुकू द्या. सोमवारी बाराव्या कपाटातल्या बरण्या काढायच्या आहेत, त्या तुमच्याशिवाय व्हायच्या नाहीत. आज घाई कशाची आहे?"

डोमाजी खुर्चीच्या कडेवर बसले. खुशालराव फेट्याचा शेमला सोडून लांबूनच वारा घालू लागले आणि मुलं हसली, पण उठलं कोणी नाही. अडीचशे माणसं एका म्हाताऱ्याचे डोळे कोरडे होण्याची वाट पाहत बसली. वर टांगलेली पाच बोरांची साखळी त्या वाऱ्याने हळूहळू फिरायला लागली. एक मिनिट झालं. डोमाजींनी डोळे पुसले, जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि मग राहवलं नाही म्हणून फळ्याकडे पाहिलं.

"झालं!" खुशालराव ओरडले. "अजून पाच मिन्टं!"

देवमनने डस्टर उचलला. "बाबा, तेवढं नाव पुसू का?"

"खबरदार पुसशीन तं," डोमाजी म्हणाले, आणि पुन्हा वर पाहिलं.